बोर्डाच्या तळाची ओळ

मोठ्या काकांनी त्या रविवारी सकाळीच दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि त्यावर रंगाचे डाग पडलेला जुना एप्रन चढवला. म्हणजे केलेला सगळा थाट स्वतःच झाकून टाकला.

"दादा, पाहुणे काय तुझा एप्रन बघायला येणार आहेत?" आत्या म्हणाली.

"पेंटरच्या घरी येतायत ना? मग पेंटर दिसायला नको?"

यावर आत्याला काही सुचलं नाही. आत्याला उत्तर सुचू नये, असं या घरात क्वचितच घडतं. काका तेवढ्यावरच खूश होऊन अंगणात गेले.

अंगणभर बोर्ड उभे होते. भिंतीला टेकलेले, पाण्याच्या टाकीला टेकलेले, दोन तर आत्याच्या शिलाईच्या दुकानाच्या मागच्या दाराशी, त्यामुळे आत्या सकाळपासून आडवी होऊन आतबाहेर करत होती. पांढऱ्या पाटीवर गडद निळी अक्षरं. काकांच्या पुतणीचा, ताईचा, चेहरा कुठेच नव्हता. काका अक्षरांचे माणूस. चेहरा काढायला बसले की बाईमाणसालासुद्धा मिशा असल्यासारख्या वाटत, हे त्यांनी तरुणपणीच ओळखलं होतं. म्हणून फक्त मजकूर: 'संध्याकाळचा दवाखाना संध्याकाळी उघडा राहील. सिस्टरला मत द्या.' नगरपालिकेच्या त्या दवाखान्यात ताईने नर्स म्हणून इतकी वर्षं काढली होती की तिचं खरं नाव लिहिलं असतं, तर ही कोण बाई असं लोकांनी विचारलं असतं. दवाखान्याची संध्याकाळची वेळ बंद करायचं घाटत होतं. ताई आधी अर्ज देऊन थकली, मग भांडून थकली, आणि शेवटी राजीनामा देऊन निवडणुकीलाच उभी राहिली.

मजकुराच्या खाली, अगदी तळाशी, सोनेरी रंगात ती ओळ होती.

या घराचा एक नियम आहे. बोर्डाचे पैसे ज्याने दिले त्याचं नाव तळाशी लिहिल्याशिवाय बोर्ड अंगणाबाहेर जात नाही. दुकानाची पाटी असो, सर्कशीची जाहिरात असो, की निवडणूक. काकांच्या वडिलांनी एकदा एका शिक्षिकेबद्दल वाईटसाईट लिहिलेला बोर्ड रंगवून दिला होता. एक निरोप्या येऊन रोख पैसे ठेवून गेला होता. करवून घेणारा कोण, हे त्यांनी विचारलंही नव्हतं. ती बाई शहर सोडून गेली. त्यानंतर म्हाताऱ्याने हा नियम केला आणि मुलांकडून पाळून घेतला. त्यापायी किती गिऱ्हाइकं परत गेली ते विचारू नका. आत्याला विचारलंत तर ती सगळ्यांची नावं सांगेल.

काकांनी आजवर ती ओळ बोटभर उंचीची काढली होती. या वेळी वीतभर काढली. बँकेच्या पाटीसाठी राखून ठेवलेला सोनेरी रंग उघडला, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढली आणि लिहिलं: 'या बोर्डाचा संपूर्ण खर्च दानशूर गोदाममालक यांजकडून', आणि पुढे त्या गृहस्थांचं नाव, वडिलांच्या नावासकट. एवढा मोठा माणूस आपल्या पुतणीच्या पाठीशी उभा राहतोय, या कल्पनेने काकांना आभाळ ठेंगणं झालं होतं. धाकटा भाऊ गेल्यापासून ताईला त्यांनीच वाढवलं होतं. तिचं असं काहीतरी व्हावं हे त्यांच्या मनात होतंच, फक्त काय व्हावं ते ठाऊक नव्हतं. आता ते अंगणात रांगेने उभं होतं आणि वाळत होतं.

एकच गोष्ट राहिली होती. ताईने अजून हो म्हटलं नव्हतं.

*

"मी काही बोलणार नाही," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही लग्नातसुद्धा बोलला नाहीत," आत्या म्हणाली. "बोला आता. तुमच्याच बायकोचा प्रश्न आहे."

स्वयंपाकघरात तिघं होती. आत्या कप पुसत होती, आणि तिला न आवडणाऱ्या पाहुण्यासाठी पुसत असल्यामुळे कप आपटत होते. ताई खिडकीशी उभी होती. जावईबापू, म्हणजे तिचे यजमान आणि सिटी बसचे ड्रायव्हर, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते; सासरी आले की ते बसायचेच नाहीत, आयुष्यभर बसूनच काम केल्यामुळे असेल.

"डेपोत बोलतात ते सांगतो," ते शेवटी म्हणाले. "गोदामवाल्यांना दवाखान्याची गल्ली रुंद करून हवी आहे. त्यांचे ट्रक मागच्या बाजूने थेट हमरस्त्याला लागतील. फाइल तयार आहे म्हणतात."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

"माहीत आहे?" आत्याने कप खाली ठेवला. "माहीत असून तू त्याला चहाला बोलावलंस?"

"मी नाही बोलावलं, आपल्या घरच्या वकिलाने बोलावलं. तो म्हणतो, गल्लीचा विषय वेगळा आहे, पैशाचा त्याच्याशी संबंध नाही."

"वकील त्याचाच पगारी आहे."

"पगारी नाही गं. त्यांच्या केसेस बघतो."

"तेच."

ताई खिडकीतून बाहेर बघत राहिली. आत्यासारखं ठाम बोलता आलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण निवडणुकीला आत्या उभी नव्हती, ताई उभी होती. सध्याचे नगरसेवक पुन्हा उभे होते, आणि त्यांचे दात काढून हसणारे फोटो प्रत्येक खांबावर लागले होते. त्यांच्या दोन गाड्या भोंगा लावून सकाळ-संध्याकाळ फिरत होत्या. ताईकडे काय होतं? पायांत चप्पल आणि ओळखीची दारं. लोक दारात उभं राहून प्रेमाने बोलत, बीपीच्या गोळीचं विचारून घेत, आणि शेवटी हळूच म्हणत, सिस्टर, तुम्ही उभ्या आहात हेच आम्हाला आत्ता कळतंय.

"नको म्हणणं सोपं आहे, आत्या," ती म्हणाली. "मी पडले, तर दवाखाना गेला. नोकरी तर गेलीच आहे. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना मी काय सांगू? माझे हात स्वच्छ राहिले, तुम्ही खोकत बसा?"

आत्याने पुसलेलाच कप पुन्हा पुसायला घेतला.

"तू काहीही ठरव," जावईबापू म्हणाले. "मी आहे." एवढं बोलून ते लाजले आणि उगाचच नळ घट्ट आहे का बघायला गेले.

*

वकील दुपारी फाटकातून आत आला आणि समोर सोनंच सोनं बघून जागच्या जागी थांबला.

"अप्पा, हे काय आहे?"

"आवडलं?" काका ब्रश पुसत म्हणाले. "वेलबुट्टी बघ. तुझ्या जन्माच्या आधी अशी काढली होती, त्यानंतर आजच."

काकांचा हा एकुलता एक मुलगा, ताईपेक्षा लहान, आणि घरात पहिला कोट घालणारा. त्याने हा सगळा व्यवहार महिनाभर हलक्या हाताने जमवत आणला होता. गोदामवाल्यांना ताई पसंत होती, ताईला पैशांची गरज होती, आणि मध्ये आपण असलो तर दोन्हीकडे आपलं वजन वाढेल, यात काही गैर आहे असं त्याला वाटत नव्हतं. खरंच वाटत नव्हतं. ताई निवडून यावी हेही त्याला मनापासून हवं होतं. लहानपणी तापात त्याच्या उशाशी बसायची ती ताईच. फक्त एक गोष्ट तो साफ विसरला होता. याच अंगणात रांगत मोठा होऊनसुद्धा तो तळाची ओळ विसरला होता.

"अप्पा, त्यांना नाव नको असणार."

"का?"

"म्हणजे... काही लोकांना आवडत नाही."

"नाव कोणाला आवडत नाही?" काका हसले. "इतकी वर्षं पाट्या रंगवतोय मी. माणूस भाव कमी करा म्हणतो, पण नाव लहान करा असं आजवर एकही म्हणालेला नाही."

वकिलाने हिरवी ताडपत्री ओढून निदान समोरचे दोन-चार बोर्ड झाकायचा विचार केला. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

*

गोदामवाले आले ते मोकळेपणाने, हसत, हातात बिस्किटांचा डबा घेऊन. सोबत त्यांचे मॅनेजर होते, त्यांच्या हातात बॅग होती आणि ती त्यांनी कुठेही ठेवली नाही. गोदामवाल्यांनी काकांचे रंगाचे हात दोन्ही हातांत धरले, आत्याला नमस्कार केला, ताईला म्हणाले, "माझ्या आईला इंजेक्शन द्यायला तुम्ही घरी यायचात. ती अजून नाव काढते." ते खरंच होतं. ताईला त्यांची आई आठवली आणि मनातलं थोडं सैल झालं.

"काय अक्षर आहे!" ते बोर्डांपुढून चालत म्हणाले. "आजकाल हाताने कोण काढतं हो? वा. संध्याकाळचा दवाखाना... वा, वा."

मग ते थांबले. वाकले. तळाची ओळ वाचली. पुढच्या बोर्डाशी जाऊन पुन्हा वाचली, जणू तिथे तरी वेगळं काही लिहिलेलं असेल.

"ही ओळ कशाला?"

"लहान वाटते का?" काका लगबगीने पुढे आले. "मी म्हटलंच होतं बहिणीला. पण वरचा मजकूर बसवायचा होता ना..."

"लहान नाही, काका. नावच नको. आपल्याला प्रसिद्धीची हौस नाही."

काकांचा ऊर भरून आला. "मोठ्या माणसांचं हेच मोठेपण! पण आमच्याकडे तसा रिवाज आहे. पैसे ज्याचे, नाव त्याचं."

"रिवाज ठीक आहे. पण हे पुसून टाका."

"एनॅमल आहे साहेब. पुसलं जात नाही. वरून पांढरा मारावा लागेल."

"मग मारा."

"मारतो. पण खाली काय लिहू?"

"काहीच नको."

"असं कसं? काहीतरी लिहावं लागेल ना."

"बरं, 'हितचिंतक' लिहा."

"हितचिंतक," काकांनी मान डोलावली. "हे झालं छान. आणि त्यांचं पूर्ण नाव?"

मॅनेजर खोकले. वकिलाने डोळे मिटले. गोदामवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण ते आता नुसतंच राहून गेलेलं होतं.

"काका, एवढं काय अवघड आहे? चौकातल्या फ्लेक्सवाल्याने समोरच्या उमेदवाराचं सगळं काम केलं. मी सांगितलं आणि त्याने छापलं. असले प्रश्न एकदासुद्धा विचारले नाहीत."

आत्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती, ती पायरीवरच थांबली. "समोरच्यांचे बोर्ड तुम्ही केलेत?"

कोणी दुसरा असता तर चाचरला असता. गोदामवाले चाचरले नाहीत. त्यांनी ट्रेमधला कप उचलला. "अहो बाई, मी सगळ्यांनाच देतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? धंदा करायचा तर सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं. दोघांतून कोणीतरी एक येणार. येईल तो आपला."

"आपला म्हणजे?" ताईने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलत होती. "आपला झाल्यावर त्याने करायचं काय?"

"काहीच नाही!" ते तिच्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज खरोखरच मायेचा होता. "तुम्ही दवाखाना म्हणा, शाळा म्हणा, पाणी म्हणा, मी कशाच्याच मध्ये येणार नाही. फक्त ती गल्लीची बैठक असेल ना, त्या दिवशी तुमची तब्येत जरा बरी नसली तरी चालेल. विरोध नको, पाठिंबाही नको. नुसतं घरी झोपून राहायचं."

"दवाखाना त्याच गल्लीत आहे. रुंद करायची तर तोच पाडावा लागेल."

"नवीन बांधू! हमरस्त्याला लागून, दोन मजली. वाटल्यास दारावर माझ्या आईचं नाव लावा."

"म्हणजे नाव लावायला तुमची हरकत नसते तर," आत्या म्हणाली. "जागा बघून लावता."

मॅनेजरांना हसू आलं. त्यांनी ते बॅगेकडे बघत गिळलं.

ताई हसली नाही. दोन मजली दवाखाना तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, स्वच्छ, नव्या कॉट असलेला. आणि तिथवर जायला हमरस्ता ओलांडणारी माणसंही उभी राहिली: काठी टेकत येणारे, कडेवर तापलेलं मूल घेऊन, दिवसाचं काम उरकून, ज्यांना गल्लीच्या टोकापर्यंत यायलाही दोनदा थांबावं लागतं. तिला रागही आला नाही. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त वाटत होतं की प्रत्येकाकडून थोडं थोडं तो विकत घेऊ शकतो आणि त्यात कोणाचं काही जात नाही.

"मी तुमचे पैसे घेते," ती म्हणाली.

आत्याच्या हातातला ट्रे कलला.

"घेते," ताई पुन्हा म्हणाली. "काकांनी काढलंय तसंच राहू द्या. सगळे बोर्ड वॉर्डात लागतील. तुम्ही मला पैसे दिलेत हे लोकांना दिसेल, समोरच्यांना दिलेत तेही मी सभेत सांगेन. गल्लीच्या बैठकीला मी जाईन, माझं मत सगळ्यांसमोर देईन. लोक काय ते ठरवतील. चालेल?"

"असं नसतं हो, सिस्टर." आता त्यांच्या आवाजात पहिल्यांदा कंटाळा आला.

"मग कसं असतं?"

अर्धा चहा त्यांनी टाकीच्या कठड्यावर ठेवला.

"मग मला नकोत," ताई म्हणाली.

"पडाल तुम्ही."

"पडेन कदाचित."

गोदामवाल्यांनी जाताना कोणाचा अपमान केला नाही, फक्त फाटकाशी थांबून वकिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "वकीलसाहेब, उद्या ऑफिसात येऊन आमच्या फाइली मॅनेजरकडे देऊन जा." आणि गाडी गेली. बिस्किटांचा डबा राहिला.

*

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणावं, तर या घरात रोजच भांडण होतं असं म्हणावं लागेल. पण आवाज शेजारी गेला हे खरं.

"एका ओळीपायी!" वकील ओरडत होता. "अप्पा, सगळ्या जगाने तो रिवाज सोडला. एका ओळीपायी ताईची निवडणूक घालवलीत, माझं ऑफिस घालवलंत! मला एका शब्दाने विचारायचं होतं!"

"तू मला विचारलंस?" ताई म्हणाली. "माझ्या नावाने हो सांगून आलास ना?"

"तुझ्यासाठीच!"

"माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी. निम्मं निम्मं सांग, मला राग येणार नाही."

आणि गंमत बघा, सकाळपासून कप आपटणारी आत्याच आता मऊ पडली. "अगं, पण आता करायचं काय? बोलणं झालं गं, छान झालं, पण पैसे कुठून आणायचे? बोलावू का त्याला परत? बोर्ड निम्मे तरी..."

"खबरदार!" काका गरजले.

सगळे वळले. काका टाकीपाशी उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि ज्यांनी त्यांना जवळून पाहिलंय त्यांना कळलं असतं की डोळे भरलेत. गोदामवाल्यांचं सगळ्यांत जास्त कौतुक याच माणसाला होतं.

"आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं अक्षर मी त्याच्यासाठी काढलं," ते म्हणाले. "त्याच्या बापाचं नाव काढलं, वेलबुट्टीत. आणि तो म्हणतो पुसून टाका. आपल्याच नावाकडे असा बघत होता, जसं कोणी भिंतीवर घाण टाकलीय." त्यांचा आवाज फाटला. "ज्या कामाखाली स्वतःचं नाव नको वाटतं, ते काम माझ्या पोरीच्या नावाखाली करून घ्यायला आला होता. आणि मी त्याच्यासाठी दाढी केली!"

ताई त्यांच्याजवळ गेली आणि एप्रनच्या टोकाने त्यांचा चेहरा पुसायला लागली, तर एप्रनच्या रंगाने गालावर निळा पट्टा उमटला. आत्याला आधी हसू फुटलं. मग काकांनाही.

"एक बोर्ड मी घेतो," जावईबापू म्हणाले.

"काय?" ताई म्हणाली.

"माझ्या पैशाने. एक बोर्ड. खाली माझं नाव टाका काका. पूर्ण नको, बसड्रायव्हर एवढंच लिहा. लोक ओळखतात." ते एवढं सलग बोलले याचं घरातल्या सगळ्यांना नंतर बरेच दिवस नवल वाटत राहिलं.

"एक मीही घेते," आत्या म्हणाली. "शिंपीणबाई लिही. आणि कंसात आत्या. आणि बोटभर नको, नीट दिसेल असं लिही, दादा. त्या मेल्याला वीतभर काढलंस ना!"

"घरचेच पैसे घरात," ताई म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला होता. "दोन बोर्ड झाले. बाकीचे?"

काकांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला होता. पहिल्या बोर्डावरचं सोनं त्यांनी रंगाच्या एका हातात झाकून टाकलं आणि मागे सरून बघितलं. पांढऱ्यातून सोनेरी थोडं थोडं दिसतच होतं. "दुसरा हात मारावा लागेल," ते पुटपुटले.

वकील फाटकाशी टेकून उभा होता. तो निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यालाही तसंच वाटलं होतं. उद्या ऑफिसात काय उरणार याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता, आणि हिशेब वाईटच येत होता. समोर त्याचा बाप गालावर निळा पट्टा घेऊन गुडघ्यांवर बसला होता आणि ताई त्याच्यासाठी डबा धरून होती.

"पावत्या लागतील," वकील म्हणाला.

"कसल्या?"

"जो जो बोर्डाचे पैसे देईल, त्या प्रत्येकाची. लहान रक्कम असली तरी. नाहीतर उद्या समोरचेच तक्रार करतील." त्याने कोट काढून फाटकावर टाकला. "मी करतो. उद्यापासून मला वेळच वेळ आहे."

"जेवलास का?" आत्याने विचारलं. आत्या अशीच माफी देते.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर ताई आणि तिचा नवरा पहिला वाळलेला बोर्ड घेऊन दवाखान्याच्या गल्लीत गेले. आत्याचा बोर्ड. दवाखान्यासमोर कपड्यांना इस्त्री करून देणाऱ्या बाईचं दुकान होतं. तिने आपल्या दुकानावरच्या गजांना बोर्ड बांधायला कधीच परवानगी देऊन ठेवली होती. जावईबापूंनी शिडी धरली आणि ताईच वर चढली, कारण गाठी तिला चांगल्या येत, पट्ट्या बांधून बांधून.

दवाखान्याच्या दाराशी नेहमीची रांग होती. मधुमेहवाला पहारेकरी, दम्याचे गुरुजी, मुलाला कडेवर घेतलेली एक तरुण बाई. बोर्ड वर जाताना सगळे वाचत होते. आणि लोक बोर्ड खालून वर वाचतात, हे काकांना कधीचंच ठाऊक होतं.

"'खर्च: शिंपीणबाई, कंसात आत्या,'" इस्त्रीवालीने मोठ्याने वाचलं. "म्हणजे एवढ्या मोठ्या बोर्डाचे पैसे तुझ्या आत्याने दिले?"

"हो."

"आणि ते हसणारे खांबांवरचे? त्यांचे कोणी दिले?"

"त्यांच्यावर लिहिलेलं नाही," जावईबापू खालून म्हणाले.

गुरुजी खोकले आणि थोडं पुढे आले. "मग सिस्टर, बाकीचे बोर्ड कोण देणार आहे?"

"अजून ठरायचंय," ताई गाठ आवळत म्हणाली.

"आम्हाला का नाही विचारलंस?" इस्त्रीवाली म्हणाली.

ताईचे हात थांबले. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बोलायला बरं वाटेना. उत्तर हेच, की विचारायचं तिच्या मनात आलंच नव्हतं. महिनाभर ती एकाच मोठ्या दाराकडे बघत होती, घ्यावं की न घ्यावं याने झोप उडवून घेत होती, आणि या गल्लीतल्या कोणाला विचारावं असं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"तुमच्याकडे कसे मागायचे, असं वाटलं," ती म्हणाली. "तुमचंच कसंबसं चाललेलं. मला लाज वाटली."

"का गं? मत मागताना वाटली नाही ती?"

रांगेत कोणीतरी हसलं. पहारेकरी म्हणाला की त्याला एकट्याला आख्खा बोर्ड जमायचा नाही, पण गुरुजी निम्मा घेत असतील तर बघू. गुरुजी म्हणाले, निम्मा घेतो, पण नाव माझं आधी. तरुण बाईने विचारलं, दहा जणी मिळून एक घेतला तर दहाही नावं बसतील का. जावईबापूंनी वर बघितलं.

ताईने गजाला घट्ट धरलं. दवाखान्याच्या दारात आज नवीन नर्स उभी होती, तीही ऐकत होती.

"बरं," ताई कशीबशी म्हणाली. "आता मागते. द्याल?"

"ऐकू आलं नाही," इस्त्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली आणि कमरेवर हात घेऊन वर बघितलं. "मोठ्याने माग गं. सगळ्या गल्लीला ऐकू जाऊ दे."